बालकांतील रक्तक्षय आणि दाह : परस्परसंबंधाचे एक विवेचन

गोषवारा

लहान मुलांतील रक्तक्षयाचा विचार करताना आहारातील लोहाची उणीव हे एकच कारण बहुधा गृहीत धरले जाते. वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गांमुळे शरीरात निर्माण होणारा दाह हे त्याच्याच जोडीचे दुसरे कारण आहे. हा दाह लोहाचे शोषण रोखतो, साठ्यातील लोह अडवून ठेवतो आणि लोहाची तपासणीही फसवी करतो. प्रस्तुत लेखात या संबंधाची शरीरक्रिया, तिचा निदानावर होणारा परिणाम आणि लोहपूरक कार्यक्रमांच्या दृष्टीने तिचा अर्थ यांचे विवेचन केले आहे.

सूचक शब्द : रक्तक्षय, दाह, लोह, हेप्सिडिन, फेरिटिन, बालआरोग्य.

प्रस्तावना

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात किंवा गृहविज्ञान विभागाच्या ग्रामभेटीत हिमोग्लोबिन तपासणी हा आता जवळजवळ ठरलेला कार्यक्रम झाला आहे. अंगणवाडीतील बालकांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो, यंत्रावर आकडा उमटतो आणि तो ११ पेक्षा कमी असला की समोर बसलेल्या मातेला हिरव्या पालेभाज्या, गूळ, शेंगदाणे व खजूर यांचे महत्त्व सांगितले जाते. अशा प्रसंगी प्रस्तुत लेखिकेला मातांकडून वारंवार ऐकावा लागलेला प्रश्न असा : "मॅडम, औषध नेमाने देते, खायलाही घालते, तरी पोराच्या अंगात रक्त का भरत नाही?" या प्रश्नाला आपल्याकडे तयार उत्तर असते. औषध नेमाने दिले नसावे, आहाराकडे दुर्लक्ष झाले असावे. अनेकदा ते उत्तर खरेही असते. परंतु ते नेहमीच खरे असते काय, हे तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाची व्याप्ती मोठी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीत (२००५-०६) देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६९.४ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला होता. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ५८.६ टक्क्यांपर्यंत उतरले आणि पाचव्या फेरीत (२०१९-२१) पुन्हा ६७.१ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात शेवटच्या दोन फेऱ्यांत ते ५३.८ वरून ६८.९ टक्के झाले, तर गोव्यात ४८.३ वरून ५३.२ टक्के झाले. आपल्या देशात पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. पाच दशकांच्या प्रयत्नांनंतरही हे आकडे असे असतील, तर पुरवठा व वाटप यांतील त्रुटींबरोबरच आपल्या मूळ गृहीतकाकडेही पुन्हा पाहणे आवश्यक ठरते.

लेखाची उद्दिष्टे

१) दाहामुळे बालकाच्या शरीरातील लोहाचे चलनवलन कसे बदलते हे स्पष्ट करणे.
२) दाहाच्या उपस्थितीत लोहाच्या तपासण्यांचा अर्थ कसा लावावा याचे विवेचन करणे.
३) लोहपूरक कार्यक्रमांच्या यशापयशाशी या ज्ञानाचा संबंध जोडणे.
४) महाविद्यालयीन सर्वेक्षणे व प्रकल्प यांसाठी काही व्यवहार्य सूचना करणे.

संज्ञांचे स्पष्टीकरण

रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण वय, लिंग व निवासस्थानाची उंची यांच्या मानाने कमी असणे म्हणजे रक्तक्षय होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या निकषानुसार ६ ते ५९ महिने वयाच्या बालकासाठी ही सीमा प्रति डेसिलिटर ११ ग्रॅम होती. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनांत ६ ते २३ महिन्यांच्या बालकांसाठी ती १०.५ ग्रॅम करण्यात आली आणि २४ ते ५९ महिन्यांसाठी ११ ग्रॅम कायम ठेवण्यात आली. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रक्तक्षय हे लक्षण आहे, कारण नव्हे. लोहाची उणीव हे त्याच्या अनेक कारणांपैकी एक आहे. लोहाची उणीव असूनही काही काळ हिमोग्लोबिन सामान्य राहू शकते आणि लोह पुरेसे असूनही हिमोग्लोबिन घसरू शकते.

'दाह' हा शब्द येथे आग होणे या बोलीतील अर्थाने वापरलेला नाही. जंतू, इजा किंवा परकीय द्रव्य यांना शरीराची प्रतिकारयंत्रणा जो प्रतिसाद देते व ज्याला वैद्यक इन्फ्लमेशन म्हणते, त्यासाठी तो योजला आहे. ताप, सूज, लाली ही त्याची दृश्य रूपे होत. मात्र बालकांत बाहेरून काहीही न दिसता आतून चालू असलेला मंद दाह पुष्कळदा आढळतो आणि प्रस्तुत विषयात त्याला विशेष महत्त्व आहे.

लोहाचे शरीरातील चलनवलन

मानवी शरीर लोहाच्या बाबतीत अत्यंत काटकसरी आहे. तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. जीर्ण झालेल्या पेशी प्लीहा व यकृत यांतील मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गिळतात, त्यांतील लोह सोडवून घेतात आणि ते पुन्हा रक्तात सोडतात. प्रौढ माणसात अशा रीतीने रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोहाचा पुनर्वापर होतो. आतड्यांतून नव्याने शोषले जाणारे लोह रोज केवळ १ ते २ मिलिग्रॅम असते. रक्तात आलेले लोह ट्रान्सफेरिन या प्रथिनावर बसून अस्थिमज्जेकडे जाते व तेथे नव्या रक्तपेशींच्या निर्मितीसाठी वापरले जाते. शिल्लक लोह फेरिटिन या प्रथिनाच्या रूपाने साठवले जाते.

बालकाची स्थिती प्रौढापेक्षा वेगळी असते. त्याचे शरीर वाढत असते, रक्ताचे आकारमान वाढत असते आणि जन्मतः मिळालेला लोहाचा साठा साधारणपणे सहाव्या महिन्यापर्यंत पुरतो. कमी वजनाच्या किंवा अपुऱ्या दिवसांच्या बालकात तो त्याही आधी संपतो. त्यामुळे केवळ पुनर्वापरावर बालकाचे भागत नाही. त्याच्या गरजेचा मोठा वाटा आहारातूनच यावा लागतो. मातेच्या दुधातील लोह चांगले शोषले जाते, परंतु त्याचे प्रमाण अल्प असते. सहाव्या महिन्यानंतर आपल्याकडे दिले जाणारे वरणाचे पाणी, भाताची पेज किंवा चहात बुडवलेले बिस्कीट यांतून ही गरज भागत नाही. चहातील द्रव्ये तर लोहाचे शोषण आणखी कमी करतात. सारांश, ६ ते २४ महिने हा काळ लोहाच्या दृष्टीने सर्वांत तंगीचा असतो. सर्दी, खोकला, जुलाब, कानाचे दुखणे यांची वारंवारताही याच काळात सर्वाधिक असते. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, हे प्रस्तुत विवेचनाचे मर्म आहे.

हेप्सिडिन : लोहाच्या दाराचा राखणदार

दीर्घकालीन आजारांत हिमोग्लोबिन घटते, हे वैद्यकास फार पूर्वीपासून ठाऊक होते. अमेरिकन संशोधक जॉर्ज कार्टराइट व मॅक्सवेल विंट्रोब यांनी १९४० च्या दशकात संसर्गजन्य रक्तक्षयाचा पद्धतशीर अभ्यास केला. अशा रुग्णांच्या रक्तात लोह कमी, परंतु साठ्यात भरपूर असते, हे कोडे मात्र पुढे अनेक वर्षे सुटले नाही. ते सुटण्यास २००० नंतरच्या संशोधनाने आरंभ झाला. या सुमारास यकृतात तयार होणारे २५ अमिनो आम्लांचे एक लहानसे प्रथिन सापडले. ते जंतुनाशक असल्याचे प्रथम वाटल्याने त्याला हेप्सिडिन असे नाव देण्यात आले. त्याचे खरे कार्य लोहाचे नियमन हे आहे, हे लवकरच लक्षात आले.

पेशींतून लोह बाहेर पडण्याचा एकच ज्ञात मार्ग आहे. तो म्हणजे फेरोपोर्टिन हे प्रथिन. आतड्याच्या पेशींनी शोषलेले लोह याच मार्गाने रक्तात येते आणि भक्षक पेशींनी सोडवलेले लोहही याच मार्गाने बाहेर पडते. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला जाऊन चिकटते, त्याला पेशीच्या आत ओढते व नष्ट करते, असे एलिझाबेटा नेमेथ, टोमास गांझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिले. इंटरल्यूकिन-६ हा दाहकाळात स्रवणारा संदेशवाहक पदार्थ यकृताला हेप्सिडिन वाढवण्याची आज्ञा देतो, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले. कोठारात धान्य आहे, पण दाराला कुलूप आहे, अशी ही स्थिती होय. कोठार भरलेले असले तरी चूल पेटत नाही, तसे साठ्यात लोह असूनही अस्थिमज्जेला ते मिळत नाही.

शरीर असे का करते? रोगजंतूंना वाढीसाठी लोह लागते. संसर्गाच्या वेळी रक्तातील लोह लपवून जंतूंची उपासमार करणे ही शरीराची प्राचीन संरक्षणयुक्ती आहे. चार दिवसांच्या तापात ती उपकारकच ठरते. परंतु एक आजार ओसरण्याआधी दुसरा सुरू व्हावा, अशा परिस्थितीत वाढणाऱ्या बालकासाठी हीच युक्ती महाग पडते.

दाहाचा रक्तावर होणारा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. दाहजन्य पदार्थ मूत्रपिंडातून स्रवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाची निर्मिती मंद करतात आणि अस्थिमज्जेचा त्याला मिळणारा प्रतिसादही कमी करतात. शिवाय भक्षक पेशी अधिक सक्रिय झाल्याने रक्तपेशींचे आयुष्य घटते. म्हणजे नवी निर्मिती कमी आणि नाश अधिक, असा दुहेरी तोटा होतो. अशा प्रकारे उद्भवलेला रक्तक्षय बहुधा सौम्य ते मध्यम स्वरूपाचा असतो.

दाह आणि लोहाची खरी उणीव

येथवरच्या विवेचनावरून असा समज होणे शक्य आहे की, रक्तक्षयाचे दोन स्वतंत्र प्रकार आहेत, एक लोहाच्या उणिवेचा आणि दुसरा दाहाचा. पाठ्यपुस्तकांतही ते बहुधा असेच शेजारी-शेजारी मांडलेले असतात. प्रौढांच्या बाबतीत ही विभागणी पुष्कळ अंशी उपयुक्त आहे. बालकांत मात्र ती अपुरी पडते.

प्रौढाच्या आतड्यातील दार काही आठवडे बंद राहिले तरी त्याच्याजवळ साठा असतो. बालकाजवळ तो नसतो. ज्या दिवशी बालकाला ताप आहे, त्या दिवशी त्याने खाल्लेल्या अन्नातील लोह मोठ्या प्रमाणात शोषले न जाता शौचावाटे निघून जाते. असे दिवस महिन्यातून आठ-दहा असतील, तर वर्षाच्या अखेरीस बालकाला केवळ दाहाचा नव्हे, तर लोहाच्या खऱ्या उणिवेचा रक्तक्षय जडतो. म्हणजेच दाह हा लोहाच्या उणिवेचा पर्याय नसून बालकांत तो तिचा जनकही असतो.

पश्चिम आफ्रिकेतील गांबिया देशात अँड्र्यू प्रेंटिस व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांनी या विचाराला आधार दिला. रक्तक्षय असलेल्या बालकांना दिलेले लोह त्यांच्या रक्तपेशींत कितपत उतरेल, हे सांगण्यास हेप्सिडिनची पातळी हा प्रमुख निर्देशक ठरतो, असे त्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. २०१९ च्या अभ्यासात त्यांनी पुढचा दुवा जोडला. वरच्या श्वसनमार्गाचे साधे संसर्ग, म्हणजे ज्यांना आपण 'नुसती सर्दी' म्हणून सोडून देतो ते आजार, हेप्सिडिन वाढवून लोहाचे शोषण अडवतात व त्यातून लोहाच्या उणिवेचा रक्तक्षय निर्माण होतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. नाकातून शेंबूड वाहणारे मूल ही आपल्याकडे कोणाचेही लक्ष वेधून घेणारी गोष्ट नाही. रक्ताच्या दृष्टीने मात्र ती दुर्लक्षणीय राहत नाही.

आतड्याचा सुप्त दाह हा या प्रश्नाचा आणखी एक पैलू. रांगणारे मूल मातीत हात घालते, तोच हात तोंडात घालते. अस्वच्छ परिसरात असा जंतूंचा मारा सतत चालू राहिल्यास जुलाब नसतानाही आतड्याच्या अस्तराला दाह होतो, त्याची शोषणशक्ती घटते आणि प्रतिकारयंत्रणा कायम जागी राहते. चुलीच्या धुराने भरलेल्या घरात श्वसनमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. म्हणजे रक्तक्षयाचा संबंध ताटाशी आहे, तसा तो पाण्याशी, शौचालयाशी आणि चुलीशीही आहे.

निदानातील पेच

दाह लोहाची वाट अडवतो, तसाच तो तपासणीलाही चकवतो. लोहाचा साठा अजमावण्यासाठी रक्तातील फेरिटिन मोजले जाते. परंतु फेरिटिन हे दाहकाळात आपोआप वाढणारे प्रथिन आहे. त्यामुळे साठा रिकामा असलेल्या बालकातही ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन सामान्य दिसू शकते आणि 'लोह पुरेसे आहे' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

यासाठी फेरिटिनबरोबर दाहाचे दोन निर्देशक मोजण्याची शिफारस केली जाते. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन संसर्गानंतर झपाट्याने वाढते व लवकर उतरते. अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीन सावकाश वाढते व आजार बरा झाल्यावरही बराच काळ वर राहते. पहिले प्रति लिटर ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक किंवा दुसरे प्रति लिटर १ ग्रॅमपेक्षा अधिक असल्यास दाह आहे असे मानतात. या दोहोंच्या आधारे डेव्हिड थर्नहॅम व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सर्वेक्षणांतील फेरिटिनच्या दुरुस्तीसाठी गुणक सुचवले. केवळ पहिले वाढले असल्यास ०.७७, दोन्ही वाढले असल्यास ०.५३ आणि केवळ दुसरे वाढले असल्यास ०.७५ असे ते होत.

एका साध्या उदाहरणाने याचे महत्त्व स्पष्ट होईल. समजा, सर्वेक्षणातील एका नोंदीत फेरिटिन प्रति लिटर २० मायक्रोग्रॅम आहे. पाच वर्षांखालील बालकांसाठी उणिवेची सीमा १२ मायक्रोग्रॅम असल्याने हे बालक 'पुरेसे लोह' या गटात जाईल. परंतु त्याचे दोन्ही दाहनिर्देशक वाढलेले असतील, तर २० गुणिले ०.५३ म्हणजे १०.६ हा दुरुस्त आकडा मिळतो आणि तेच बालक 'लोहाची उणीव' या गटात येते. हे गुणक समूहाच्या अंदाजासाठी आहेत, एकेका रुग्णाच्या उपचारासाठी नव्हेत, हे मात्र विसरता कामा नये. पुढे ब्रिंडा या आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पाने अनेक देशांच्या माहितीच्या आधारे याहून सूक्ष्म अशी संख्याशास्त्रीय दुरुस्ती सुचवली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दाह असलेल्या पाच वर्षांखालील बालकांसाठी फेरिटिनची सीमा १२ ऐवजी ३० मायक्रोग्रॅम धरण्याचा पर्याय दिला.

उपरोक्त विवेचनाच्या आधारे हिमोग्लोबिन कमी असलेल्या बालकाच्या बाबतीत चार शक्यता मांडता येतात :

(अ) फेरिटिन कमी, दाहनिर्देशक सामान्य : लोहाची निव्वळ उणीव.
(आ) फेरिटिन कमी, दाहनिर्देशक वाढलेले : लोहाची उणीव निश्चित, शिवाय दाहही उपस्थित.
(इ) फेरिटिन १२ ते ३० च्या दरम्यान, दाहनिर्देशक वाढलेले : वरवर सामान्य, परंतु उणीव असल्याचे मानणे योग्य.
(ई) फेरिटिन पुरेसे : दाह असल्यास दाहजन्य रक्तक्षयाची शक्यता. दाह नसल्यास बी-१२ जीवनसत्त्व किंवा फॉलिक आम्लाची उणीव, थॅलॅसीमिया, सिकलसेल यांसारखी अन्य कारणे शोधणे आवश्यक. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचा विचार अग्रक्रमाने व्हावा.

भारतातील समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात (२०१६-१८) नीलेतून रक्त घेऊन तपासणी करण्यात आली. त्यात १ ते ४ वर्षे वयोगटातील सुमारे ४१ टक्के बालकांत रक्तक्षय आणि सुमारे ३२ टक्के बालकांत लोहाची उणीव आढळली. लोहाच्या विश्लेषणातून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन वाढलेली बालके वगळण्यात आली होती. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या आकड्यांपेक्षा हे आकडे बरेच कमी आहेत. वयोगट निराळा आहे आणि बोटाच्या थेंबाऐवजी नीलेतील रक्त वापरले आहे, ही त्यामागील दोन कारणे तरी उघड आहेत. म्हणूनच दोन सर्वेक्षणांचे आकडे शेजारी ठेवून निष्कर्ष काढताना पद्धतीतील भेद आधी पाहिला पाहिजे.

लोहपूरक उपक्रमांसाठी या ज्ञानाचा अर्थ

टांझानियातील पेंबा बेटावर सुनील सझावाल व सहकाऱ्यांनी केलेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हिवतापाचे प्रमाण फार असलेल्या या बेटावर लहान बालकांना रोज लोह व फॉलिक आम्ल दिले असता गंभीर आजार व मृत्यू यांचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले आणि लोहाचा समावेश असलेले गट मध्येच थांबवावे लागले. त्याच प्रयोगाच्या एका उपअभ्यासात ज्यांना खरोखर लोहाची उणीव व रक्तक्षय होता, अशा बालकांना लोहाचा लाभ झाल्याचेही आढळले. केनियातील २०१५ च्या अभ्यासात लोहयुक्त पूरक भुकटी घेतलेल्या शिशूंच्या आतड्यात रोगकारक ई. कोलाय जंतू व दाहाची खूण वाढलेली दिसली. शोषले न गेलेले लोह आतड्यातील जंतूंच्या वाट्याला जाते, हे त्याचे एक कारण मानले जाते. ग्रामीण बांगलादेशात आठ महिन्यांच्या ३,३०० बालकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन महिने लोह दिल्याने रक्तक्षय घटला, परंतु बालकांच्या बौद्धिक विकासात फरक आढळला नाही.

यावरून लोह देणे निरर्थक आहे, असा अर्थ काढणे मात्र सर्वस्वी चुकीचे ठरेल. कर्नाटकच्या ग्रामीण भागातील १२ ते २३ महिन्यांच्या बालकांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ७५ टक्क्यांहून अधिक बालकांत रक्तक्षय आढळला. तेथे हिमोग्लोबिनचा प्रमुख संबंध बालकाच्या लोहस्थितीशी आणि त्याखालोखाल मातेचे हिमोग्लोबिन, कुटुंबाची आर्थिक स्थिती व अन्नाची असुरक्षितता यांच्याशी होता. आपल्याकडील लोहाची उणीव खरी आहे आणि ती भरून काढणे अपरिहार्य आहे. प्रश्न लोह द्यावे की नाही हा नसून ते केव्हा व कशाच्या जोडीने द्यावे, हा आहे.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या 'ॲनिमिया मुक्त भारत' मोहिमेत ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप देण्याची तरतूद आहे. त्यात २० मिलिग्रॅम लोह व १०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. ताप, तीव्र जुलाब, न्यूमोनिया असे आजार असताना हे सिरप तात्पुरते थांबवावे, अशी स्पष्ट सूचना तीत आहे. तीव्र कुपोषित बालकांसाठी स्वतंत्र उपचारपद्धती पाळावयाची असते. अशा बालकांना उपचाराच्या आरंभीच्या टप्प्यात लोह देत नाहीत. या नियमांमागील तर्क आता वाचकांच्या ध्यानात येईल. दार बंद असताना बाहेर लोह आणून ठेवण्यात लाभ थोडा व जोखीम अधिक.

अडचण अशी की, नियम सांगितला जातो, पण त्याचे कारण सांगितले जात नाही. परिणामी काही माता आजारातही औषध चालू ठेवतात, तर काही माता आजारात थांबवलेले औषध पुन्हा सुरूच करत नाहीत. यांतील दुसरी चूक अधिक हानिकारक ठरते. आजार बरा होऊन भूक परतल्यावरचे दिवस हे लोह भरून काढण्याचे दिवस असतात. याच काळात सिरप, पूरक आहार आणि आंबट फळांतील 'क' जीवनसत्त्व यांचा उपयोग अधिक होतो. 'ताप असताना थांबवा' या सूचनेइतकीच 'ताप गेल्यावर विसरू नका' ही सूचना महत्त्वाची आहे.

महाविद्यालयीन उपक्रमांसाठी सूचना

१) हिमोग्लोबिनच्या नोंदीसोबत बालकाला गेल्या दोन आठवड्यांत ताप, खोकला, जुलाब झाले होते काय, ही माहिती अवश्य नोंदवावी. तिला खर्च येत नाही आणि निष्कर्षाची किंमत मात्र वाढते.
२) केवळ हिमोग्लोबिनवरून अहवालात 'लोहाची उणीव आढळली' असे लिहू नये. 'रक्तक्षय आढळला' एवढेच विधान त्या आकड्यावर उभे राहू शकते.
३) बोटातील रक्त घेताना पहिला थेंब पुसून टाकावा व बोट पिळू नये. पिळल्याने ऊतींतील द्रव मिसळून आकडा बदलू शकतो. तपासणी प्रशिक्षित व्यक्तीनेच करावी आणि पालकांची संमती घ्यावी.
४) पिण्याचे पाणी, शौचालय, हात धुण्याची सवय व स्वयंपाकाचे इंधन यांविषयीचे प्रश्न आहारविषयक प्रश्नावलीलाच जोडावेत.
५) रक्तक्षय आढळलेल्या बालकास प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. उपचारानंतरही हिमोग्लोबिन न वाढल्यास इतर कारणांच्या तपासणीचा आग्रह धरावा.
६) जंतनाशक मोहीम, लसीकरण व स्तनपान यांचा प्रचार रक्तक्षयाच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून करावा. हुककृमी रक्त शोषतात. लसीकरण व स्तनपान संसर्गाचे प्रसंग कमी करतात. दोन्ही मार्ग अखेर हिमोग्लोबिनपाशीच येऊन मिळतात.

समारोप

बालकांतील रक्तक्षय हा अन्नाचा प्रश्न आहेच, परंतु तो केवळ अन्नाचा नाही. वारंवारच्या संसर्गातून निर्माण होणारा दाह हेप्सिडिनच्या द्वारे लोहाचे शोषण रोखतो, साठा अडवतो, रक्तपेशींची निर्मिती मंद करतो आणि फेरिटिनचा आकडा फुगवून उणीव झाकतो. बालकाच्या वाढीच्या काळात हे पुनःपुन्हा घडल्यास लोहाची खरी उणीवही त्यातूनच जन्म घेते. म्हणून लोहाचा पुरवठा व संसर्गाचा प्रतिबंध ही एकाच कामाची दोन अंगे मानली पाहिजेत.

या विवेचनाचा एक सामाजिक अर्थही आहे. बालकाचे हिमोग्लोबिन कमी आले की आपण मातेकडे पाहतो. तिने काय खाऊ घातले नाही, हे विचारतो. गावाला शुद्ध पाणी मिळते काय, अंगणवाडीजवळचे सांडपाणी वाहते कोठे, घरातील चूल धुराविना पेटते काय, हे प्रश्न त्या क्षणी आपल्या प्रश्नावलीत नसतात. औषध नेमाने देऊनही मुलाच्या अंगात रक्त का भरत नाही, असे विचारणारी माता खोटे बोलत असेलच असे नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या स्वयंपाकघराइतकेच तिच्या परिसरातही दडलेले असू शकते. पुढील शिबिरात आपल्या विद्यार्थ्यांनी एवढी जाणीव ठेवून वही उघडली, तरी त्यांच्या सर्वेक्षणाला अधिक खोली येईल आणि त्या मातेलाही न्याय मिळेल.